पावसाच्या आधी येणारा वारा



ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या वर्गात मी दोन वर्षं भूगोल शिकलो. फळ्याच्या कोपऱ्यात तारीख आणि हजेरीचा आकडा सगळेच शिक्षक लिहायला लावतात. सर तिसरी एक गोष्ट लिहायला लावत, वाऱ्याची दिशा. रोज एका मुलानं व्हरांड्यात जायचं, बोट ओलं करून वर धरायचं आणि परत येऊन लिहायचं: पश्चिम, वायव्य, किंवा नुसतंच ‘शांत’. आम्हाला तो खेळ वाटे. परीक्षेत त्याला गुण नव्हते. पुढं हवामानाच्या नोंदी वाचणं हाच माझा आयुष्यभराचा उद्योग झाला, आणि त्या तिसऱ्या ओळीची किंमत मला कळत गेली.

आज मी त्या तिसऱ्या ओळीबद्दल बोलणार आहे. पावसाबद्दल मुंबईत पुष्कळ बोललं जातं. मला बोलायचंय ते पावसाच्या आधी येणाऱ्या वाऱ्याबद्दल.

13 मे 2024 ची दुपार आठवते का? सोमवार होता. निवडणुकीचे दिवस होते. दुपारी पूर्वेकडचं आभाळ काळवंडलं, मग ते मातकट झालं, आणि बघता बघता धुळीची भिंतच्या भिंत शहरावर चालून आली. खिडक्या आपटल्या, गच्चीवरचे कपडे उडाले, भर दुपारी गाड्यांचे दिवे लागले. विमानतळ तासाभरापेक्षा जास्त वेळ बंद ठेवावा लागला. मध्य रेल्वे आणि मेट्रो, दोन्हींच्या गाड्या खोळंबल्या. वडाळ्याला बांधकाम चालू असलेला पोलादी पार्किंग टॉवर रस्त्यावर कोसळला. आणि घाटकोपरला, छेडानगरजवळ, पेट्रोल पंपाशेजारचं ते अजस्र होर्डिंग आडवं झालं. 17 माणसं गेली. 70 हून अधिक जखमी झाली. पंपावर कोण होतं? इंधन भरायला आलेले होते, पंपावरचे कामगार होते आणि वारा-पावसापासून आडोसा म्हणून छपराखाली थांबलेले वाटसरू होते. आडोशाला गेलेली माणसं गेली, ही गोष्ट मला अजून पेलत नाही.

मी त्या वेळी इथंच होतो, कांदिवली पूर्वेला, माझ्या घरात. शेजारच्या इमारतीला रंगकाम चाललं होतं. दोन तरुण दोरीच्या झुल्यावर आठव्या-नवव्या मजल्याशी लोंबकळत होते. हवामान खात्याचा तात्कालिक इशारा माझ्या फोनवर येऊन पडला होता. मी तो वाचला. त्याचा अर्थ मला तुमच्यापेक्षा, त्या मुलांपेक्षा, इमारतीच्या वॉचमनपेक्षा जास्त कळत होता. आणि तरी मी खाली उतरून त्यांना सांगितलं नाही. आभाळ बघून ती मुलं आपणहून खाली आली, म्हणून वाचली. ती चार-पाच मिनिटं मी खिडकीत नुसता उभा होतो. आजचं हे व्याख्यान त्या मिनिटांमुळं आहे.

आता पहिला प्रश्न. त्या दिवशी जे आलं, त्याचं नाव काय?

वर्तमानपत्रांनी वेगवेगळी नावं दिली. कुणी वादळ म्हटलं, कुणी धुळीचं वादळ, कुणी चक्क चक्रीवादळ. चक्रीवादळ ते नव्हतं, मित्रहो. चक्रीवादळ समुद्रावर जन्मतं, त्याला नाव मिळतं, चार-पाच दिवस आधीपासून त्याचा मार्ग आपण टीव्हीवर बघतो. 2021 च्या मे महिन्यातलं तौक्ते आठवा, ते येणार हे आधी कित्येक दिवस ठाऊक होतं. 13 मे ला आला तो वळवाच्या ढगातून सुटलेला वारा. अचानक उसळून निदान मिनिटभर टिकणाऱ्या अशा वाऱ्याला परिभाषेत ‘चंडवात’ म्हणतात. आणि गडगडाटी ढगांची एक रांगच्या रांग शेकडो किलोमीटर पसरून एकजुटीनं पुढं सरकते, त्या रांगेला ‘चंडवात रेषा’. भारदस्त शब्द आहे, पण बोलण्यात आला नाही. आपल्या बोलण्यात वळीव आहे, वावटळ आहे, सोसाट्याचा वारा आहे. गंमत बघा, वळीव म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं काय येतं? मातीचा वास, गारा वेचणारी पोरं, पहिली भजी. वळवाचं रूप आपण पावसात पाहिलं. त्याच्या वाऱ्याकडं आपण कधी नीट पाहिलंच नाही.

तो वारा येतो कुठून? इथं मी जरा रेंगाळणार आहे, कारण सगळी मेख इथं आहे.

मे महिन्याची दुपार घ्या. घाटाच्या पायथ्याचा सगळा मुलूख, मुरबाड, शहापूर, कर्जत, सकाळपासून तापलेला. समुद्रावरून खारा वारा दमट हवा आत ढकलतोय. ती तापलेली दमट हवा वर चढते, सह्याद्री तिला आणखी वर लोटतो, आणि तिसऱ्या प्रहरी ढगांचे मनोरे उभे राहतात. बारा, कधी पंधरा किलोमीटर उंच. आपला एव्हरेस्ट नऊ किलोमीटरच्याही आत संपतो, एवढ्यावरून अंदाज करा. इथवर सगळं वर जाणारं आहे. आता खाली येणारं बघू.

ढगात पाऊस तयार झाला, तो पडू लागला. खालची हवा मेची, कोरडी आणि तापलेली. थेंब वाटेतच सुकू लागतात. माठातलं पाणी गार का होतं, हे इथं कुणाला सांगायला नको. पाणी सुकताना आजूबाजूची उष्णता ओढून घेतं. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला साधारण 25 लाख जूल उष्णता लागते. ढगाखाली हजारो टन पाणी सुकत असतं, म्हणजे तिथं आकाशाएवढा माठ टांगलेला असतो असं समजा. त्या माठाभोवतीची हवा गार होते, गार झाली की जड होते आणि जड झाली की कोसळते. वारा वाहतो, हे आपण म्हणतो. हा वारा आधी कोसळतो.

बादलीभर पाणी फरशीवर ओतलं तर काय होतं? ते खाली जाऊ शकत नाही, म्हणून चहूकडं धावतं. गार हवेचं तेच होतं. जमिनीवर आपटून ती पुढं सुटते, पावसाच्या कितीतरी पुढं, कधी दहा-वीस किलोमीटर. तिच्या पुढच्या कडेला धूळ उचलली जाते आणि आपल्याला ती मातकट भिंत दिसते. म्हणून क्रम असा असतो: आधी घुसमट, मग एकाएकी गार झोत, मग धूळ, आणि पाऊस सगळ्यांच्या शेवटी. पाऊस सुरू झाल्यावर आडोसा शोधणारा माणूस उशिरा निघालेला असतो.

पण एवढ्यावर हे थांबत नाही. एकट्या ढगाचं आयुष्य तासाभराचं. तो बरसतो आणि विरतो. रांग मात्र सहा-आठ तास, कधी त्याहून जास्त चालते. ती मरत का नाही? पुढं सुटलेली गार जड हवा समोरच्या तापलेल्या दमट हवेखाली पाचरीसारखी घुसते. समोरची हवा उचलली जाते. तिथं नवा ढग उभा राहतो, तो बरसतो, त्याची गार हवा पुन्हा पुढं घुसते. जुना ढग विरता विरता नव्याला उभं करून जातो. अशा शेजारशेजारच्या ढगांची गार हवा एकमेकींत मिसळली की एकच लांब आघाडी तयार होते, आणि ती ताशी चाळीस-पन्नास किलोमीटरनं चालू लागते.

हे आपल्याच वाट्याला आलेलं नाही. बंगालात चैत्र-वैशाखात छोटा नागपूरच्या पठारावरून अशाच रांगा उतरतात. तिथं त्यांना काळबैशाखी म्हणतात. नाव भीतीचं आहे, पण तिच्या पावसावर तागाचं पीक उभं राहतं, म्हणून शेतकरी तिची वाटही बघतो. सुमात्रा बेटाकडून पहाटेच्या वेळी सिंगापूरवर येणाऱ्या रांगांना तिथले लोक बेटाच्याच नावानं ओळखतात. पश्चिम आफ्रिकेत त्या पूर्वेकडून पश्चिमेकडं शेकडो किलोमीटर चालत जातात, आणि सहारालगतच्या कोरड्या मुलखाचा बराचसा पाऊस त्यांच्याकडूनच येतो. 1974 साली अनेक देशांच्या शास्त्रज्ञांनी सेनेगलमधल्या डाकारला तळ ठोकून अटलांटिकवर जहाजं आणि विमानं फिरवली. त्या निरीक्षणांवरून झिप्सर आणि हाउझ या हवामानशास्त्रज्ञांनी या रांगांची रचना उलगडली. पुढं दाट ढगांची भिंत, मागं तासन्‌तास रिमझिम करणारा पसरट ढग, आणि दोन्हींखाली कोसळणारी गार हवा. दुसऱ्याच वर्षी, जून 1975 मध्ये, न्यूयॉर्कला उतरणारं एक प्रवासी विमान वादळी ढगाखाली आदळलं, शंभरावर माणसं गेली. तेत्सुया फुजिता या मूळच्या जपानी शास्त्रज्ञानं त्या अपघाताचा कसून अभ्यास केला आणि ठामपणे सांगितलं की ढगातून हवेचा लोंढा सरळ खाली कोसळतो आणि विमानाला दाबून टाकतो. सुरुवातीला कित्येकांना ते पटेना. आज जगभरचे वैमानिक त्याचंच शिक्षण घेऊन विमान चालवतात. विमानात बसणाऱ्यांनी या वाऱ्याचा धडा घेतला. जमिनीवर राहणाऱ्यांनी घेतला का?

जमिनीवरचा हिशेब मांडू. हवेला वजन असतं, हे आपण पुस्तकात वाचतो आणि विसरतो. हे सभागृह वीस मीटर लांब, पंधरा मीटर रुंद आणि सहा मीटर उंच धरा. यातल्या हवेचं वजन दोन टन भरतं. आत्ता ती आपल्याभोवती निवांत आहे. तीच ताशी 90 किलोमीटरनं भिंतीवर आली तर? प्रत्येक चौरस मीटरवर साधारण 38 किलो वजनाइतका दाब पडतो. आणि वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की दाब दुप्पट होत नाही, चौपट होतो. हे लक्षात ठेवा, कारण आपला अंदाज इथंच चुकतो.

आता घाटकोपरचं होर्डिंग. 120 फूट लांब, 120 फूट उंच. पालिकेच्या नियमात बसणारा आकार 40 बाय 40. तिप्पट, असं आपण सहज म्हणतो. क्षेत्रफळ किती पट? नऊ पट. म्हणजे ताशी 90 किलोमीटरच्या झोतात 40 फुटी फलकावर साडेपाच-सहा टनांचा रेटा, तर या फलकावर 50 टनांहून जास्त. आणि तो रेटा फलकाच्या मध्यावर, तिप्पट उंचीवर लागतो. जमिनीपासून दोन्ही फलक उभे केले असं धरलं, तर पायाशी त्याला उलथवणारा जोर नऊ गुणिले तीन, सत्तावीस पट. होर्डिंग ही जाहिरात आहे असं आपण समजतो. वाऱ्याच्या दृष्टीनं ते शीड आहे. शिडाला निदान डोलकाठीवरून उतरवता येतं.

पुढं न्यायालयात असाही बचाव मांडला गेला की ही देवाची करणी. मला राग येतो तो इथं, आणि तो मी लपवणार नाही. आपल्या देशात वाऱ्यासाठी भारतीय मानक आहे. त्यात मुंबईसाठी बांधकामाच्या हिशेबात धरायचा मूळ वेग सेकंदाला 44 मीटर दिला आहे. म्हणजे ताशी 158 किलोमीटर. त्या दिवशी मुंबईत नोंदले गेलेले झोत याच्या बरेच खाली होते. जो वारा कागदावर कितीतरी वर्षं आधीच लिहून ठेवलेला होता, तो आला तेव्हा त्याचं खापर देवावर का फोडायचं?

मग आपल्या मनात वारा का नाही? माझ्या मते याचं एक कारण 26 जुलै 2005. त्या एका दिवसात सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस पडला, आणि त्याच शहरात कुलाब्याला फक्त 73. त्या जखमेनं आपल्याला पाऊस मोजायला शिकवलं. शहरभर पर्जन्यमापक बसले, नाले आणि नद्या चर्चेत आल्या. आपली पोईसर नदी, जिला आपण नाला म्हणून मोकळे झालो होतो, ती नदी आहे हे पुन्हा आठवलं. हे चांगलंच झालं. पण तेव्हापासून आपत्ती म्हणजे मिलिमीटर, असं एक समीकरण बसलं. किती पडला? कुठं तुंबलं? गाड्या चालू आहेत का? 13 मे च्या वादळात पाण्यानं कुणाला बुडवलं नाही. मारलं ते वाऱ्यानं.

आता इशाऱ्याकडं वळतो. या वाऱ्याचा इशारा देता येतो का? येतो, पण त्याचं घड्याळ वेगळं असतं. चक्रीवादळाचा इशारा दिवसांत मोजतात, याचा मिनिटांत. कुलाब्याला डॉप्लर रडार आहे, 2022 पासून वेरावलीच्या टेकडीवर, म्हणजे आपल्या उपनगरातच, दुसरं आहे. रडारच्या पडद्यावर या गार हवेची कड कधी कधी बारीक रेघेसारखी उमटते, आणि ती कशामुळं दिसते माहीत आहे? त्या कडेवर गोळा झालेल्या धुळीमुळं आणि किड्यांमुळं. पाऊस नसतानाही वाऱ्याची चाल दाखवणारी ती रेघ. ती पाहून हवामान खातं पुढच्या तीन तासांचा तात्कालिक इशारा देतं. त्यात आकडे असतात ते नीट वाचत जा. गडगडाटी वादळात झोत 62 ते 87 किलोमीटरचे असतील तर खातं त्याला तीव्र म्हणतं, त्यापुढं अतितीव्र.

साधा हिशेब करू. मुरबाडवर ढगांची रांग उभी आहे आणि ती ताशी 50 किलोमीटरनं आपल्याकडं निघाली. मुरबाड ते कांदिवली सरळ रेषेत साधारण 57 किलोमीटर, म्हणजे तासाहून थोडा जास्त वेळ. कल्याणवर आली तेव्हा आपल्याकडं 35 मिनिटं उरली. पस्तीस मिनिटांत काय होत नाही? झुल्यावरचा रंगारी खाली येतो. परांचीवरचे कामगार उतरतात. क्रेन थांबते. महावीर नगरच्या खाऊगल्लीतल्या मोठ्या छत्र्या मिटतात. शाळेच्या मैदानावरची मुलं वर्गात येतात. सगळं होतं, जर निरोप पोचला तर.

निरोप! इथं मला ‘रामदास’ बोट आठवते. 17 जुलै 1947. स्वातंत्र्य महिन्यावर आलेलं. आषाढातल्या अमावास्येसाठी गावी निघालेली माणसं भाऊच्या धक्क्यावरून रेवसच्या बोटीत बसली. वाटेत वारा-पावसानं गाठलं, लाट आत आली, बोट कलली, घाबरलेले प्रवासी एका बाजूला धावले, आणि ती उलटली. सहाशेहून अधिक माणसं बुडाली, मुंबईच्या किनाऱ्यापासून काही मैलांवर. बोटीवर बिनतारी यंत्रणा नव्हती. मुंबईला कळलं ते कित्येक तासांनी, पोहून आणि होड्यांतून वाचलेल्या माणसांकडून. त्या काळी निरोप पाठवायला यंत्र नव्हतं. आज यंत्र प्रत्येकाच्या खिशात आहे. तरी माझ्या फोनवर आलेला निरोप नवव्या मजल्याशी लटकलेल्या त्या दोन मुलांपर्यंत गेला नाही. अंतर किती होतं? फार तर साठ पावलं.

शेवटी आपल्या कांदिवलीबद्दल. इथं पुष्कळांना वाटतं की पूर्वेला राष्ट्रीय उद्यानाचा डोंगर आहे, तो वारा अडवेल. डोंगर आपला मोठा आधार आहे, पण या बाबतीत त्याच्यावर विसंबू नका. त्याचं सर्वांत उंच शिखर 468 मीटर. ढगातून सुटलेल्या गार हवेचा थर पुष्कळदा किलोमीटरभर जाड असतो. तो डोंगरावरून ओसंडून खाली उतरतो, दऱ्यांतून घुसतो. डोंगरउतारावर दामूनगर, क्रांतीनगरसारख्या वस्त्यांत जे पत्रे आहेत, त्यांच्यावर विटा, टायर, दगड ठेवलेले तुम्ही पाहिले असतील. वारा पत्रा दाबत नाही, वरून जाताना तो उचलतो. विमानाचा पंख जसा उचलला जातो तसा. वर ठेवलेला दगड पत्र्याबरोबर उडतो आणि तो स्वतःच घातक होतो. पत्रा खालच्या वाशाला हुकानं आवळलेला पाहिजे, कडेचा पत्रा तर दुप्पट आवळलेला, कारण उचल कडेपासून सुरू होते. त्या वस्तीत हुक आणि तारेचा खर्च कोण करणार, हा प्रश्न नगरसेवकाला, आमदाराला विचारण्यासारखा आहे. गटारांइतकाच.

आणि पश्चिमेला, चारकोपपासून महावीर नगरपर्यंत, इमारतींच्या गच्च्यांवर गळती थांबवायला उभारलेली छपरं बघा. पूर्वेला माझ्याही इमारतीवर आहे. चारी बाजूंनी उघडी, वर पत्रा, खाली बारीक खांब. ती उभारताना सोसायटीनं पावसाचा विचार केला. वाऱ्याचा किती जणांनी केला? आपल्या सोसायटीच्या पुढच्या सभेत एवढंच विचारा: या छपराचा हिशेब कोणत्या वेगाला धरून केलाय, आणि तो करणारा अभियंता कोण? उत्तर मिळालं नाही, तर तेच उत्तर समजा. झाडांचंही तसंच आहे. पदपथ करताना बुंध्याला चिकटून काँक्रीट ओततात, मुळं गुदमरतात, आणि मग गुलमोहर झोतात मुळासकट उपटला की आपण म्हणतो, झाडच कुचकामी होतं. तोडणं हा त्यावरचा उपाय नाही. त्याच्या मुळांना माती परत द्या.

आता सरांची तिसरी ओळ. मे महिन्यात कांदिवलीत दुपारचा वारा पश्चिमेचा असतो, गोराई-मनोरीकडून येणारा, दमट, खारा. ज्या दुपारी तो एकाएकी पडेल, पान हलेनासं होईल, पूर्वेला डोंगरामागं काळं दिसेल आणि मग पाठीला पूर्वेकडून गार झुळूक लागेल, त्या वेळी तुमच्या हाती काही मिनिटं आहेत. ती झुळूक सुखाची वाटेल. उकाड्यात ती फार सुखाची वाटते. पण ती त्या धावत्या लोंढ्याची पहिली कड असते. त्या क्षणी होर्डिंगखाली, झाडाखाली, पत्र्याच्या शेडखाली उभं राहू नका. पक्क्या इमारतीच्या आत जा. आणि जाताना वर बघा, झुल्यावर कोणी आहे का. असेल तर हाक मारा.

मी सभागृहात शिरण्याआधी व्हरांड्यात थांबून बोट ओलं करून पाहिलं. आज, संध्याकाळी साडेसहाला, वारा पश्चिमेचा आहे. फळा इथं नाही, म्हणून कार्यकर्त्यांच्या नोंदवहीत तारखेखाली तसं लिहून ठेवलंय.